एका ताटात

काकासाहेबांनी भाकरी मोडली, अर्धी उजैरच्या बाजूला ठेवली आणि ताट दोघांच्या मध्ये ओढलं. वेगळं ताट मागायची सोयच ठेवली नाही. एका ताटात जेवलं की भांडण मिटलं, हे त्यांनी अंगणातच सांगून टाकलं होतं. मटण मुबारक खाटकाकडनं आणलंय, हलाल हाय, बिनघोर खा, असंही. इतकी काळजी घेणारा माणूस एक तर फार चांगला असतो, नाहीतर त्याला काहीतरी हवं असतं. काकासाहेब फार चांगले आहेत, असं त्यांच्या गावात, शेंद्र्यात, कुणी म्हटलं नसतं.

उजैर शहरात क्रांती चौकाजवळच्या एका बारमध्ये बाउन्सर होता आणि काकासाहेब तिथलं रोजचं गिऱ्हाईक. दोन पेग पोटात गेले की शेजारच्या टेबलावरच्यांची आई-बहीण काढणार, ग्लास फोडणार. गेल्या आठवड्यात त्यांनी वेटरच्या कानाखाली वाजवली, तेव्हा उजैरनं त्यांना मागून काखेत हात घालून उचललं आणि चारचौघांदेखत रस्त्यावर नेऊन ठेवलं. मालक अभय आधी पोट धरून हसला. मग शेंद्र्याहून फोन येऊ लागले आणि त्याचं हसू पळालं. जाऊन मिटव, नाहीतर कामावर येऊ नको, असं त्यानं बजावलं. उजैरची बायको आमरीन पोटुशी होती. नोकरी घालवायची ही वेळ नव्हती, म्हणून तो आला होता.

आल्यापासून मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकासाहेबांची दोन माणसं फाटकाला आतून कडी घालून बसली होती, आणि दारात एक गाडी उभी होती.

वाढायला काकासाहेबांची चुलती होती, मनकर्णाबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रस्सा वाढता वाढता तिनं उजैरला घरी कोण कोण असतं ते विचारलं. आमरीनचं ऐकून म्हातारी हरखलीच. तिला वझं उचलू देऊ नको, असं तिनं बजावलं आणि वरून आणखी एक पळी वाढली. उजैरला तेवढ्यापुरतं घरी आल्यासारखं वाटलं.

काकासाहेबांनी हात धुतला.

“पैलवान, राग नाय माझा. उलट लई आवडलं आपल्याला. काय उचललंस मला, अंगावर एक वळ नाय.”

उजैरनं माफी मागितली. ती त्यांनी हातानंच उडवून लावली आणि स्वयंपाकघराकडं मान केली. अर्धं घर म्हातारीच्या नावावर होतं. जालन्याला भाचीकडं जा म्हटलं तर ती जात नव्हती. दारातली गाडी तिच्यासाठीच होती. उजैरनं तिला तसंच उचलायचं, गाडीत ठेवायचं, वळ उठता कामा नये. हे सगळं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, आत ऐकू जाईल याची फिकीर न करता.

“साहेब, मी त्यांच्या हातचं खाल्लंय.”

“तिच्या हातचं असंल. ताट माझं हाय.” काकासाहेबांनी मोबाइल काढला. “अभयशेठला कळवू का, मिटलं म्हणून?”

या माणसाची उजैरला भीती वाटत होती, आणि तो ती लपवूही शकत नव्हता.

मनकर्णाबाई पदराला हात पुसत दारात आली. पुतण्याकडं तिनं बघितलंही नाही.

“डाव्या खांद्याला धरू नको, लेकरा,” ती उजैरला म्हणाली. “मागल्या खेपंला आलेल्यांनी उखडला, त्यो अजून बसला नाय.”

जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत. ते काकासाहेबांच्या घरातही पाळलं जात असावं, एवढीच उजैरला आशा होती. त्यानं ताट पुढ्यात ओढलं.

“आजी, अजून एक भाकरी टाका.”

काकासाहेब मोबाइल हातात धरून समोर बसले. म्हातारीनं आत जाऊन पिठाचा डबा उघडला आणि वाकून पाहिलं.

“पीठ हाय,” ती म्हणाली. “सावकाश खा.”