नदीच्या नावे नोटीस

"घ्या की हो बाई, सही येत नसेल तर अंगठा चालेल," असं म्हणत बेलिफाने कोर्टाची नोटीस पाण्याजवळ नेली. एक लाट आली आणि कागदाचा कोपरा भिजवून गेली.

"घेतली. मी साक्षीदार," नावाडी म्हणाला.

"थट्टा नको. नवा कायदा झालाय. आता हिलाही माणसासारखे हक्क आहेत."

कंपनीला नदीचं वळण बुजवून गोदाम बांधायचं होतं. दावा नदीवरच. तारखेला हजर झाली नाही, तर निकाल एकतर्फी, वळण गेलं. याच वळणावर बेलिफाच्या आईने त्याची दुपटी धुतली होती. न वाचता येणाऱ्याला नोटीस वाचून दाखवायची त्याची जुनी रीत. नदीलाही त्याने अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली, शिक्क्यासकट.

तारखेला त्याने पुकारा केला. आवाज असा, की एकदा तारीख नसलेले सात जण धावत आले होते, आणि आदल्या वर्षी वारलेला एक. सातांबद्दल तरी वाद नाही.

तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही.

"गैरहजर, बाईसाहेब. एकतर्फी करावं," कंपनीचे वकील न्यायाधीशबाईंना म्हणाले.

उभ्या नोकरीत बेलिफ कोर्टात नावांपलीकडे बोलला नव्हता. "माफी असावी बाईसाहेब. तिला घर सोडून येता येत नाही. आमची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा कोर्टच जबाब घ्यायला तिच्या खाटेपाशी आलं होतं."

"अहो, ती म्हातारी होती."

"हीही म्हातारीच आहे, वकीलसाहेब. आईपेक्षा बरीच."

न्यायाधीशबाई कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी कोर्ट वळणावर भरलं. खुर्चीचे पाय वाळूत रुतले. बाईंसकट खुर्ची एका बाजूला कलली, पण बाईंचा रुबाब सरळच राहिला. वकील बूट हातात घेऊन उभे. बेलिफाने पुकारा केला, पण हळू, आजाऱ्याला उठवावं तसा.

"या दाव्याबद्दल आपल्याला काय सांगायचंय?" बाईंनी नदीला विचारलं.

पाणी दगडांवरून जात राहिलं. टायपिस्ट बराच वेळ बोटं उचलून बसला होता. शेवटी त्याने विचारलं, "बाईसाहेब, 'काही सांगायचे नाही' असं लिहू?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्यांचं बोलणं चाललंय अजून."

टायपिस्टने हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने वकिलांनीही बूट खाली ठेवले.