दाराआडची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. आज माझ्याखाली कोंबड्या डालतात. पण एके काळी अमरावतीच्या शाळेत माझ्यावाचून इंग्रजीचा धडा सुरू होत नसे.

नांदगाव खंडेश्वरच्या मैनाबाई बुरडिणीने मला विणले. भगवंतराव मास्तरांनी मला बाजारातून आणून माझ्यात कुलूप, घंटी, दोरी, कापसाचे बोंड असे काय काय भरले. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गोरे व्यापारी वऱ्हाडात उतरले, तशी ज्याला त्याला आपल्या पोराच्या तोंडी इंग्रजी हवी झाली.

"पोट्टेहो, आधी हातानं वळखा, मंग तोंडानं बोला," मास्तर म्हणत. मुले डोळे मिटून माझ्यात हात घालत. कुलूप लागले की "लॉक!" म्हणायचे आणि ते दाराला लावून दाखवायचे. पिंजाऱ्याचा अन्सार यात सगळ्यांत तरबेज. पाठांतरात कच्चा, पण हाताला लागलेला शब्द तो कधी विसरला नाही. मला त्याचे फार कौतुक होते.

मग परीक्षेला साहेब यायचे ठरले. निवडलेल्या मुलाला अकोल्याच्या मोठ्या शाळेत जागा मिळणार होती. अन्सारचा सारा जीव त्या जागेत अडकला होता.

"मास्तर, टोपली राहीन ना?" त्याने विचारले.

"राहीन रे बाप्पा, थे कुठी जाते!"

परीक्षेच्या दिवशी साहेबांसाठी गावातल्या एका शेटजींकडून गालिचा आणि खुर्ची आली. मास्तरांची नजर माझ्या मळक्या काठावर गेली. त्यांनी मला दाराआड ढकलले आणि वर पोते टाकले. पोत्याच्या भोकातून मला सारे दिसत होते.

"कुलपाला इंग्रजीत काय म्हणतात?" साहेबांनी अन्सारला विचारले. त्याचा हात सवयीने माझ्या जागेकडे गेला आणि गालिच्यावर चाचपत राहिला. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मुले हसली. मास्तरही हसले!

"पिंजाऱ्याचा पोट्टा आहे साहेब, याच्या डोक्यात काय शिरन?"

कालपर्यंत त्याची पाठ थोपटणाऱ्या मास्तरांनी असा केसाने गळा कापला. त्याचा आणि माझाही. रागाने माझी काडीन् काडी जळाली.

जागा दुसऱ्याला मिळाली. अन्सारने शाळा सोडली. मीही शाळेतून मास्तरांच्या घरी आले. परवा तो त्यांच्याच घरी गाद्यांचा कापूस पिंजायला आला. मला कोंबड्यांवर पालथी पाहून थबकला. घराच्या दाराला तेच कुलूप लटकत होते. त्याने डोळे मिटून त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लॉक."

ओसरीवर बसलेल्या मास्तरांनी मान खाली घातली.

मित्रांनो, जिच्या जिवावर शिकलात ती टोपली मळकी असेल. पण पाहुणे आले म्हणून तिला दाराआड ढकलू नका. तिच्या रिकाम्या जागी कुणाचा तरी हात चाचपत राहतो.