दोन पाळ्यांमधला संगणक

जुना तर मी आहेच, मित्रांनो, ते लपवून काय उपयोग? माझी पेटी एका बंद पडलेल्या कार्यालयातून आली, पंखा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा आहे आणि स्क्रीनच्या एका कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग आहे. तरीही मी संगणक आहे आणि अजून चालतो. चालताना थोडी घरघर होते. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ती होत असेल, पण म्हणून त्यांना कोणी माळ्यावर टाकत नाही.

मला ज्यांनी जोडले ते बस डेपोत वेळापत्रके आखतात. कोणती गाडी कधी सुटायची, कोणत्या फलाटावर लागायची, चालकाने जेवायला कुठे थांबायचे, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. डेपोतले लोक त्यांना मिनिटराव म्हणतात. मीही तेच म्हणतो. एका सुट्टीच्या दिवशी फरशीवर सगळे सुटे भाग पसरून, जिभेचे टोक दातात धरून त्यांनी मला उभे केले. माझ्यात त्यांनी लिनक्स घातले. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. ती फुकट मिळते आणि तिच्यात आपल्या मनासारखे फेरफार करता येतात. मिनिटरावांना फेरफार करायची भारी हौस. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा ते आनंदाने एवढे ओरडले की आतल्या खोलीत झोपलेली त्यांची बायको दचकून उठली.

त्यांची बायको परिचारिका आहे. रुग्णालयात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांना कायमची रात्रपाळी होती. सकाळी त्या जिना चढून घरी यायच्या तेव्हा मिनिटराव डेपोत पोचलेले असायचे, आणि संध्याकाळी मिनिटराव परत यायचे तेव्हा सिस्टर निघून गेलेल्या असायच्या. सुट्टी एकाला असली तर दुसरा पेंगत असायचा. फोनवर बोलणे व्हायचे ते भाजीचे नाहीतर गॅसच्या टाकीचे. अख्ख्या शहराच्या गाड्यांचा मेळ घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोची भेट काही बसवता येत नव्हती.

मग त्यांची भेट माझ्यापाशी होऊ लागली. रात्रभर वॉर्डातल्या पांढऱ्या दिव्यांखाली काम करून सिस्टरांचे डोळे शिणलेले असत. झोपण्याआधी त्या थोडा वेळ माझ्यासमोर बसत, तेव्हा त्यांना काळोखी थीम बरी वाटे. थीम म्हणजे माझ्या खिडक्यांचे आणि अक्षरांचे रंग. मिनिटरावांना मात्र संध्याकाळी बारीक आकडे वाचायचे असत, म्हणून त्यांना उजळ थीम लागे. त्यामुळे घरात एक रीत पडली. जो माझ्यासमोरून उठेल त्याने दुसऱ्याच्या सोयीचे रंग लावून जायचे, आणि मागे एक फोटोही लावायचा.

या फोटोंतून ते काय काय बोलत! करपलेल्या पातेल्याचा फोटो म्हणजे आज जेवण बाहेरून आण. डेपोतल्या मांजराचा फोटो म्हणजे काम उरकले, मजेत आहे. कोरी राखाडी भिंत म्हणजे मी रुसलो आहे, उगाच लाडीगोडी लावायची नाही. दाराशी कुलूप वाजले की माझा पंखा जरा जोरातच फिरू लागे. आता कोण येणार आणि काय पाहून हसणार, हे त्या घरात फक्त मला ठाऊक असे. माझे खरे सुखाचे दिवस तेच.

एका सकाळी मिनिटराव घाईत निघाले आणि रंग बदलायचे राहून गेले. सिस्टर येऊन बसल्या, त्यांनी मला जागे केले आणि माझा लख्ख उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत गेला.

त्यांनी फोन लावला. "अरे, डोळे दिपले ना माझे! रात्रभर उजेडच बघतेय मी."

एवढेच त्या बोलल्या, रागावल्याही नाहीत. पण मिनिटरावांच्या मनाला ते फार लागले. डेपोतली एकही गाडी न चुकवणारा माणूस घरी कसा चुकला? त्या संध्याकाळी ते बाह्या सरसावून माझ्यासमोर बसले.

मित्रांनो, माझ्या आत क्रॉन नावाचा एक पहारेकरी आहे. कोणत्या वेळी काय करायचे ते त्याला एकदा लिहून दिले की तो ते नेमाने करतो. मिनिटरावांनी चार ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे माझ्यासाठी हुकमांची यादी, लिहिली आणि ती सकाळ-संध्याकाळ चालवायला क्रॉनला सांगितले. आधी काही केल्या रंग बदलेनात. क्रॉनला वेळ कळते, पण समोर कोण बसले आहे आणि स्क्रीन कोणाची आहे याचा त्याला पत्ता नसतो. तोही स्क्रिप्टमध्ये लिहून द्यावा लागतो. हे ध्यानात येईपर्यंत मिनिटरावांनी डोके खाजवून केसांचे पार टोपले केले होते. शेवटी एकदाचे जमले. मी आपोआप काळा झालो, आपोआप उजळ झालो, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. फोटोसाठी त्यांनी आपले जुने फोटो एका ठिकाणी भरून ठेवले. त्यातून दोन्ही वेळा चिठ्ठी उचलावी तसा कोणताही एक उचलायचा, असे ठरले. क्रॉनची वेळ हुकू नये म्हणून मला बंद करणेही त्यांनी सोडून दिले.

संध्याकाळचा बदल त्यांनी आपण घरी पोचायच्या थोडा आधी लावला. उतारू यायच्या आत गाडी फलाटावर उभी असली पाहिजे, हा त्यांचा कायमचा हिशोब. बायकोचाही त्रास वाचेल, असे त्यांना वाटले. नीट चालते का ते पाहू आणि मग सांगू, म्हणून ते गप्प राहिले.

दुसऱ्या सकाळी चिठ्ठीत ढगांचा फोटो आला. सिस्टर आदल्या रात्री एका म्हाताऱ्या रुग्णाला गमावून आल्या होत्या. त्या ढगांकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी फोन केला. "किती छान ढग लावलेस रे! मला बरं वाटावं म्हणून ना?"

पलीकडून मिनिटराव चाचरत म्हणाले, "हं. हो ना."

आता यानंतर खरे कोणत्या तोंडाने सांगणार? सांगायचे राहिले ते राहिलेच.

आणि माझे हाल सुरू झाले. सिस्टर रोज निघण्याआधी नेहमीप्रमाणे उजळ रंग करत, नवऱ्यासाठी निवडून एक फोटो लावत आणि पायात चपला सरकवून निघून जात. थोड्या वेळाने क्रॉन उठे, त्यांचा फोटो बाजूला सारे आणि चिठ्ठीतला एखादा लावे. मिनिटराव घरात शिरत तेव्हा समोर त्यांचाच एखादा जुना फोटो असे. बायकोचा फोटो इथे होता, आत्ताच होता, हे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण मला तोंड नाही. घरघर तेवढी करता येते, आणि तिचा अर्थ पंख्यात धूळ गेली असा होतो.

"आपोआप होतंय हे हिच्या ध्यानात आलं वाटतं, म्हणून लावायचंच सोडलं," मिनिटराव एकदा स्वतःशीच म्हणाले आणि ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवले. आपल्याच क्रॉनने बायकोचा फोटो पुसला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नाही. तिकडे सिस्टर नवरा आपल्याशी फोटोंतून बोलतो आहे असे समजून रोज उत्तर देत होत्या. दोघे एकाच खुर्चीत बसत आणि दोघेही एकटे पडत चालले होते. मधे मी होतो, सगळे पाहत होतो.

एका दुपारी सिस्टर फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या. त्यांचा आवाज नाचत होता.

"मेट्रनबाईंनी मला दिवसपाळीची जागा देऊ केलीय. या आठवड्यात हो-नाही सांगायचंय."

बहीण काहीतरी म्हणाली.

"नाही गं, तोंडानं नाही सांगणार. फोटो लावते. ओळखतो का बघू. त्याला किती आनंद होतो ते मला न विचारता कळायला हवं."

त्यांनी खिडकीशी ऊन आले असताना चहाचे दोन कप शेजारी शेजारी मांडले, दोन्ही वाफाळणारे, म्हणजे आता रोजचा चहा बरोबर. त्यांचा फोटो काढला, माझ्यावर लावला, आणि हसतच त्या कामाला गेल्या. मित्रांनो, त्या संध्याकाळी क्रॉनला झोप लागावी म्हणून मी किती विनवण्या केल्या असतील! क्रॉनला झोप लागत नाही. दोन कप गेले आणि पिवळे शेत आले.

दुसऱ्या सकाळी चिठ्ठीत निघाला रिकाम्या बसथांब्याचा फोटो. सिस्टर पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे काय?" त्या पुटपुटल्या. त्यांनी पुन्हा दोन कप लावले. उत्तरात एक बंद फाटक आले. त्यांनी आणखी एकदा दोन कप लावले. त्यावर काय आले ते सांगायलाही मला जड जाते. राखाडी भिंत आली. जुन्या फोटोंत तीही होती.

"त्याला एकट्यानं राहायची सवय झालीय," त्यांनी बहिणीला फोनवर सांगितले. "मी घरात नकोच आहे बहुतेक."

"अगं वेडे, तोंडानं विचार ना एकदा!" बहिणीचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला.

"विचारून हो म्हणवून घेतलं, तर तो माझ्यासाठी हो म्हणेल. मग मला कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना नाही सांगून त्या घरी आल्या. त्या दिवशी त्या झोपल्या नाहीत. संध्याकाळी निघताना त्यांनीही राखाडी भिंत लावली आणि दार हळूच ओढून घेतले.

नेमकी त्या दिवशी डेपोतली वीज गेली आणि मिनिटराव लवकर घरी आले. समोर राखाडी भिंत! ते बूटही न काढता माझ्यासमोर येऊन बसले. क्रॉनची वेळ अजून झाली नव्हती. म्हणजे हे बायकोच्या हातचे होते. पण ती रुसली कशावर? ते विचार करत असतानाच क्रॉन उठला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंत जाऊन मांजर आले.

रोज असेच होत होते, हे मिनिटरावांना तेव्हा कुठे उमगले. मग त्यांनी घाईघाईने सिस्टरांचे अलीकडचे फोटो उघडले. पुन्हा एकदा करपलेले पातेले, शेजारणीची कुंडी, वॉर्डातून दिसणारा सूर्योदय, असे कितीतरी फोटो तिथे होते, आणि त्यातला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. सगळ्यांत शेवटी दोन कप होते. ते पाहून त्यांचा चेहरा कसानुसा झाला. त्यांनी फोन लावला, पण सिस्टर वॉर्डात गेल्या होत्या आणि फोन कपाटात वाजत राहिला असेल. रुग्णालय गाठायला ते दार उघडे टाकूनच धावत जिना उतरले.

सकाळी दोघे बरोबर घरात आले. त्या दारातून त्या वेळी दोघांना एकत्र येताना मी कधीच पाहिले नव्हते.

"म्हणजे तू काहीच लावत नव्हतास?" सिस्टरांनी विचारले.

"नव्हतो. सगळं आपोआप होत होतं."

"ते ढगसुद्धा?"

मिनिटरावांनी मान खाली घातली. "ढगसुद्धा."

तेव्हा मात्र सिस्टर रडल्या. दिवसपाळी हातची गेली म्हणून त्या रडल्या नव्हत्या, ढगांसाठी रडल्या. मिनिटराव त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले. ते म्हणाले, "तुझी जागा गेली ना? मग मी रात्रपाळी मागून घेतो. गाड्या रात्री धुतात, लावतात, तिथंही आखणारा माणूस लागतोच की."

आणि त्यांनी खरोखरच मागून घेतली. आता संध्याकाळी दोघे एकत्र जिना उतरतात आणि सकाळी एकत्र येतात. झोप झाली की आतल्या खोलीत बसून बोलत राहतात. आकड्यांचे काम मिनिटराव डेपोतच उरकून येतात. कोणाला फोटो लावायची गरज उरलेली नाही. माझ्यावर एक जुने कापड टाकले आहे. पण क्रॉनच्या त्या ओळी पुसायच्या राहून गेल्या, आणि मला बंद करायचेही कोणाला सुचले नाही. म्हणून कापडाखाली मी रोज सकाळी काळा होतो आणि संध्याकाळी उजळ होतो. पाहणारे कोणी नाही.

मित्रांनो, त्यांना बोल लावू नका. मला त्यांचा राग नाही, फक्त एकटे वाटते. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र कोपऱ्यात चालू राहिले असेल, तर त्यावरची धूळ पुसा, आणि काम नसेल तर त्याला बंद करून झोपू द्या. आणि आम्हाला कामे खुशाल सांगा, पण आपल्या माणसाची विचारपूस तेवढी स्वतःच करत जा, कारण आम्हाला ती जमत नाही. आत्ता आतल्या खोलीतून दोघांच्या हसण्याचा आवाज येतो आहे. कशाला हसताहेत ते इथवर ऐकू येत नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर परत जाताना माझ्यापाशी थांबून ते मला सांगाल का?