लीझेल नोब्लेझाचा जन्मदाखला

मी लीझेल नोब्लेझा हिचा जन्मदाखला. साधा कागद आहे, चार घड्यांचा, एका कोपऱ्याला डाग पडलेला. सध्या मनिलातल्या एका कचेरीत, लोखंडी कपाटातल्या फाईलमध्ये असतो. मी जिचा, ती मुलगी सहा वर्षांची असताना गेली. मी मात्र मागे राहिलो आणि माझ्या हातून नको ते घडलं.

पनाय बेटावरच्या डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला, नोब्लेझांचं घर. लीझेल जन्मली तेव्हा तिचा बाप नोंद करायला खाली गावात उतरला होता. येताना दिवसभर मला शर्टाच्या आत पोटाशी धरून तो डोंगर चढला. कोपऱ्यावरचा डाग त्याच्या घामाचा आहे. लीझेलची आई, सोलेदाद, हिने मला बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. गावात तिला सगळे नानाय सोलिंग, म्हणजे सोलिंग आई, म्हणत.

लीझेलला सातवं लागायच्या आधी ताप आला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बांबूला झोळी बांधून चौघांनी तिला खाली न्यायला घेतलं, पण नदी फुगलेली होती. पाणी उतरायची वाट बघत माणसं काठावर बसली आणि तिथेच पोर संपली. तिला परत वर आणून देवळामागे पुरलं. लाकडी क्रूसावर नाव आणि दोन तारखा रंगवल्या. मरणाची नोंद करायला मात्र कुणी खाली गेलं नाही. पुरलेल्या पोरीसाठी कोण दिवस मोडणार? सरकारच्या लेखी लीझेल जिवंतच राहिली.

पुढे बाप उसाच्या तोडणीला दुसऱ्या बेटावर गेला तो आलाच नाही. लीझेलची थोरली बहीण जेमारी. धाकट्या भावंडांना सांभाळायला तिची दोन वर्षं शाळा सुटली. पुन्हा शाळेत बसली तेव्हा वर्गातल्या पोरांपेक्षा ती डोक्याने उंच होती. पण धावायला लागली की तिच्या जवळपास कुणी नसायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती अनवाणी पहिली आली आणि प्रशिक्षक असलेल्या आर्सेनियो सरांनी तिला पाहिलं.

आठवड्याने सर डोंगर चढून घरी आले.

"नानाय, पोरगी सोनं आहे," ते म्हणाले. "पण एकोणीस पूर्ण होतील तिला. अठराच्या आतल्यांचा संघ परदेशात जाणार आहे. तिथे पदक मिळालं की शहरातलं कॉलेज, राहणं, जेवण, सगळं फुकट. मोठ्या गटात तिला कोण विचारतो?"

"मग?"

"धाकटीचा दाखला आहे ना तुमच्याकडे?"

नानाय चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "तो तिचा आहे, सर. तिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

"घेऊन जातो आणि परत आणून देतो. कागदाला काय होतंय?"

जेमारी दारात उभी होती. ती म्हणाली, "नानाय, नको." पण मागे तिघं धाकटे उघडे बसले होते. नानायने त्यांच्याकडे पाहिलं आणि डबा उघडला.

माझ्यावरून नवी कागदपत्रं झाली, पासपोर्ट झाला. जेमारी लीझेल झाली. सरावाच्या शिबिरात पहिले काही दिवस तिला हाक कळायचीच नाही. खोलीतली मैत्रीण, उंच उडीवाली दिवीना, चिडवायची, "लीझेल, कान घरी विसरलीस काय गं? तीनदा बोंबलले."

मे महिन्यात लीझेलचा वाढदिवस आला. तारीख माझ्यावरच होती, सरांनी ती यादीत लिहिली होती. मुलींनी पान्सित शिजवून आणलं. वाढदिवसाच्या या शेवया लांबच्या लांब खायच्या, मध्ये तोडायच्या नाहीत, म्हणजे आयुष्य वाढतं. सगळ्या गाणं म्हणत होत्या. जेमारीने एक घास तोंडात घातला, उठली आणि बाहेर जाऊन ओकली.

"उन्हानं झालं असेल," दिवीना म्हणाली.

स्पर्धा थायलंडमध्ये होती. अकरा देशांची पोरं, अकरा झेंडे. वय तपासणाऱ्या टेबलावर एका बाईने मला उजेडात धरलं, शिक्का पाहिला आणि परत दिलं. एवढंच. नंतर सर मला प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून प्रेक्षकांत बसले. उकाडा असह्य होता, म्हणून ते माझ्याच फाईलने वारा घेत होते. त्या वाऱ्यावर हलत मी पंधराशे मीटरची शर्यत पाहिली.

पहिल्या दोन-अडीच फेऱ्या जेमारी चौथ्या जागी होती. पुढे व्हिएतनामची एक बारकी पोरगी पळत होती, लाल रिबीन लावलेली. शेवटची घंटा झाली तेव्हा सरांचा हात थांबला. जेमारीने बाहेरून एकेकीला मागे टाकलं. शेवटच्या वळणावर ती आणि लाल रिबीन खांद्याला खांदा लावून होत्या. जेमारी दोन पावलांनी जिंकली. मागची पोरगी रेषेपलीकडे कोसळली आणि तोंड झाकून रडू लागली. ती खरंच सोळा वर्षांची होती.

लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं, लीझेल नोब्लेझा. जेमारीने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते नाव वर्तमानपत्रात आलं. आमच्याच बेटावरच्या एका दुसऱ्या प्रशिक्षकाची मुलगी जेमारीमुळे संघातून गळली होती. त्याने चौकशी केली, डोंगर चढला, देवळामागे गेला आणि क्रूसाचा फोटो काढून मनिलाला, खेळांच्या कचेरीत पाठवला.

सुनावणीला नानाय आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्या जहाजात बसली होती. वाटेत सरांनी तिला पढवलं होतं. "एवढंच म्हणायचं, पुरलेली पोरगी जेमारी होती. क्रूसावर नाव रंगवणाऱ्यानं चूक केली. नाहीतर ही पोर संपली."

टेबलावर एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला तो फोटो. चौकशी समितीच्या मधल्या बाईंनी सौम्यपणे विचारलं, "नानाय, देवळामागं कोण आहे?"

नानाय तोंडातल्या तोंडात म्हणाली, "जेमारी."

"म्हणजे?"

"माझी थोरली."

"आणि ही समोर बसलीय ती?"

नानायने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ही लीझेल. थोरली मेली."

ज्या पोरीला ती मेली म्हणत होती, ती तिच्या हाताच्या अंतरावर बसली होती.

"पुरे, नानाय," जेमारी म्हणाली. मग ती बाईंकडे वळली. "मी जेमारी आहे, मॅडम. लीझेल नदीवर गेली तेव्हा मी तिथंच होते. तिच्या चपला माझ्या हातात होत्या."

सरांनी डोळे मिटून घेतले.

पदक काढून व्हिएतनामच्या मुलीला पाठवण्यात आलं. जेमारीवर चार वर्षांची बंदी आली. सरांना एक वर्ष घरी बसवलं, आता ते दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतात. जेमारी इलोइलो शहरातल्या मासळीच्या कारखान्यात उभी राहून काम करते. बंदी संपून गेली, पण ती पुन्हा धावली नाही. नानायने मला परत मागितलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की हा आता पुरावा आहे, देता येणार नाही.

गेल्या वर्षी ती पुन्हा आली. कारकुनासमोर येऊन उभी राहिली.

"क्रूस नाहीय," ती म्हणाली. "सुनावणीच्या आधीच कुणीतरी उपटून नेला. आता नवा केलाय. पण त्यावर काय लिहायचं ते मला ठाऊक नाही. जन्माची तारीख हवीय."

"तुम्हाला आठवत नाही?"

"पावसाच्या आधी झाली, एवढं आठवतं."

कारकून तरुण होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. नाव वाचलं, तारीख वाचली आणि एका पाकिटाच्या पाठीवर दोन्ही लिहून दिलं. मग वाचतच गेला, एकदा सुरुवात केली की थांबवत नाही तसं. वेळ, पहाटेचे चार. जन्माच्या वेळचं वजन, दोन किलो शंभर ग्रॅम.

"बारकी होती," नानाय म्हणाली. तिने ओंजळ करून त्याला दाखवली. "एवढी."

तिने ते पाकीट ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि जिन्याकडे गेली. मला त्याने फाईलमध्ये घातलं आणि कपाट लावलं.

आता मला कुणी विचारत नाही. माझ्यावर ‘रद्द’ असा आडवा शिक्का आहे, मी कुणाचं वय सिद्ध करू शकत नाही. ही फाईल कधी तुमच्या हातात पडली, तर मला त्या डोंगरावर धाडून द्या. वाट अवघड आहे, पण बापाने मला एकदा वर नेलं होतं.