दोन रिंगा

दुपारच्या निवांत घरात दाराची कडी खणखणली, आणि सुपात तांदूळ निवडत बसलेल्या रिझवानाचा हात तिथल्या तिथे थांबला. ही वेळ कुणी कुणाकडे जायची नव्हे. तिनं दार उघडलं तर पायरीवर फैजल, तिचा धाकटा भाऊ. डोक्यावर हेल्मेट, कमरेला टॉवरवर चढायचा पट्टा तसाच, आणि पेणपासून रोह्यापर्यंत गाडी दामटत आल्यानं भुवयांवर धुळीचा थर.

"अम्मीला काय झालं गो?"

"काय होणार? मासे तळतेय," रिझवाना म्हणाली.

"दोन रिंगा आल्या. मी पाच वेळा उलटा लावला, कुणी उचलला नाय. तुझाबी बंद."

तिचा फोन बंद होता खरा. तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं, नफिसानं, सकाळपासून कार्टून बघून त्याचा जीव घेतला होता. पण दोन रिंगा म्हटल्यावर रिझवानानंही वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आठ महिन्यांपूर्वी अब्बांनी, नूरमहंमदांनी, चारजणांच्या हातापाया पडून फैजलसाठी कुवेतचा व्हिसा आणला होता. फैजलनं तो कागद कपाटावर ठेवला आणि पेणला मोबाइल टॉवरच्या कामावर रुजू झाला. तेव्हापासून बापलेकात अबोला. ईदलासुद्धा तो अब्बा कबरस्तानातून परतायच्या आत शिरखुर्मा खाऊन पसार झाला होता. अम्मीनं, हमिदानं, मात्र आपली वाट काढली. फोनवर बोलणं किती का स्वस्त होईना, ती बोलायची नाही. बोलली की रडायची, आणि रडली की अब्बांना कळायचं. म्हणून फोन कायम मुका ठेवलेला. जोहरची, दुपारची नमाज झाली की नंबर लावायचा, मनात बिस्मिल्ला म्हणायची आणि कापायचा. तेवढ्यात पलीकडे एकच रिंग जायची. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, तू जेवून घे. दोन रिंगा म्हणजे असशील तसा घरी ये. आठ महिन्यांत दोन कधी गेल्या नव्हत्या.

आवाज ऐकून हमिदा झारा हातात घेऊनच बाहेर आली. आज मासेवाली उशिरा आल्यानं घरातलं जेवण मागे पडलं होतं. तिनं मुलाला डोळे भरून पाहिलं, दोन रिंगांचं ऐकून घेतलं, आणि एकदा आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. मग पदर खोचत म्हणाली, "माझ्याच हातून चूक झाली असेल, बाबा. मोजलं तर रोजच्यासारखंच होतं."

फैजल मटकन खुर्चीत बसला. मग एकदम हसू लागला.

"तुझी चूक नाय अम्मी, आमची. परवाच रोह्याचे टॉवर आम्ही बदलून घेतले. आधी नवं नेटवर्क जुन्याच्या खांद्यावर बसून चालायचं. फोन लावला की खाली उतरून जुन्याला विचारायचं, मग कुठं रिंग. आता ते स्वतःच्या पायावर उभं हाय. लावला की वाजला. तुझी बिस्मिल्ला संपेस्तोवर दोन जाणारच."

हे सांगताना तो इतका रंगात आला होता की पडदा सरकलेला त्याला दिसलाच नाही. दारात नूरमहंमद उभे होते, आणि त्यांच्या लुंगीला धरून नफिसा.

"खांद्यावरून उतरलं म्हणून घरी यायचं नसतं काय?" त्यांनी समोरच्या भिंतीला विचारलं.

फैजल उठून उभा राहिला. रिझवानानं सूप उगाचच मांडीवर घेतलं.

"यायचं असतं, अब्बा."

"मग तो पट्टा सोड. त्याच्यासकट जेवणार हायस?"

जेवणासाठी दस्तरखान अंथरला गेला. नूरमहंमदांनी त्याच्याकडे न बघताच माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात सरकवला. टॉवर किती उंच असतो, वारा सुटला तर काय करता, साहेब बरा आहे की नाही, असं एकेक विचारत ते हळूहळू नदीपर्यंत आले. वरून कुंडलिका कुठवर दिसते? बरीच लांब, फैजल म्हणाला, पार वळणाच्या पलीकडे.

"आणि घर?"

"घराची टाकी दिसते. झाकण उघडंच असतं."

नूरमहंमदांना ठसका लागला. हमिदानं हसत पाणी पुढे केलं, आणि आता उद्यापासून किती मोजायचं ते तरी सांग, असं लेकाला विचारलं. मोजू नको, बोल, तो म्हणाला. नूरमहंमद काटे काढण्यात गढले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

रिझवाना ताटं उचलून मोरीकडे गेली. मागोमाग नफिसा आली, तिच्या ओढणीला लोंबकळली आणि तिला वाकायला लावून कानात बोलली,

"अम्मी, नानी तर मासे धूत होती. फोन नानांनी लावला. मी बोलली, कापा, एक झाली. तर ते बोलले, थांब, अजून एक होऊ दे. मग नानी का बोलली, माझ्या हातून चूक झाली म्हणून?"