मांडवातली वायर

भातसानगरच्या कॉलनीत नाकानं कांदे सोलणाऱ्या मुली पुष्कळ होत्या, पण रत्नाच्या नाकाला तोड नव्हती. वडील धरणावर ऑपरेटर, राहायला सरकारी क्वार्टर, शहापूरला बारावी आणि वर टायपिंगचा क्लास. मूळ घर खर्डीचं, शेतीवाडीचं, पण ते कोणी आठवून दिलेलं तिला खपत नसे. बोलण्यातला 'नाय' तर तिनं घासूनपुसून केव्हाच 'नाही' केला होता. तोवर आलेली सगळी स्थळं तिनं परतवली होती. एकाची चप्पल रबरी होती, एक बशीत ओतून चहा प्यायला, आणि एकाचं काय चुकलं ते तिलाही सांगता आलं नाही.

आता खरं सांगायचं तर बाईसाहेबही काही आभाळातून पडल्या नव्हत्या. लहानपणी टायफॉइड झाला, तेव्हापासून तिचे केस जेमतेम वीतभर राहिले होते. कमरेवर रुळणारी जी वेणी बघून कॉलनीतल्या बायका हळहळायच्या, ती मानेच्या खाली कल्याणच्या बाजारातलं गंगावन होती. हे फक्त तिला आणि तिच्या आईला ठाऊक होतं.

अशात सरळगावचं स्थळ आलं. मुलाचं नाव कुंडलिक, लग्नांत मांडव आणि लाऊडस्पीकर लावायचा धंदा, स्वतःचा टेम्पो. रत्नानं पडद्याआडून पाहिलं. ठेंगणा, तव्याच्या बुडासारखा काळा, आणि पुढचे दोन दात ओठांच्या बाहेर येऊन पाहुण्यांचं स्वागत करतायत. ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "दात बघितलेस का त्याचे? हातात माईक दिला तर चावून खाईल हा."

आईनं तोंडाला पदर लावला. सरकारी क्वार्टरच्या भिंती, त्यांचा भरवसा काय? पण बाहेर कुंडलिक पोह्यांची बशी संपवत होता, आणि जाताना "पोहे झ्याक झालंत" म्हणून हसत निघून गेला. नकार दोन दिवसांनी कळवला.

मे महिन्यात खर्डीला मामाच्या रोशनीची हळद होती. रत्ना करवली. नवी साडी, उंच टाचांची चप्पल, वेणीच्या टोकाला लाल रिबीन अशा थाटात ती मांडवात शिरली आणि जागीच थबकली. माईकच्या टेबलामागे कुंडलिक बसला होता.

त्यानं ऐकलं असेल तर? रागावलेला माणूस फार तर चार जणांत बोलतो, पण याच्या हातात भोंगा होता. हा बोलला की पार स्टेशनापर्यंत ऐकू जाणार. डोकं दुखतंय म्हणावं आणि निघावं, असं तिच्या मनात आलं, पण करवली पळाली तर तीच मोठी बातमी झाली असती.

ती कान टवकारून बसली. कुंडलिकचं तोंड काही थांबत नव्हतं. "जांभल्या साडीतल्या मावशी, तुमचा नातू चुलीपाशी घावलाय, पापड खातोय, घाई नाय." सरपंच आले, त्यांचं स्वागत झालं. मागोमाग गावकुसाबाहेरच्या वाडीतला गोमा आला आणि सवयीनं मांडवाच्या कडेला उकिडवा बसला. लगेच भोंगा बोलला, "गोमाभाऊ आलंत. सकालपासून चुली खणल्या त्यांनी, म्हनून आपन आज जेवनार हाव. त्यांना खुर्ची द्या रे कोनीतरी." खुर्ची आली. गोमा लाजत लाजत सरपंचांच्या शेजारी बसला. रत्नाला हसू आलं आणि ते आल्याचा तिला रागही आला.

मग रात्री मिणमिणत्या दिव्यांत नाच सुरू झाला. करवलीला नाचावंच लागतं. रत्ना आधी बेतानं नाचली, पण गाणं रंगलं तशी भीती विसरून तिनं एक झोकदार गिरकी घेतली. टाच मुरगळली, ती सावरली, पण गंगावन सुटलं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन पडलं.

"साप गो," कोणीतरी ओरडलं.

बायका बाजूला पांगल्या, कोणी बॅटरी आणायला धावलं, कोणी काठी. रत्नानं पदर डोक्यावरून घेतला आणि खांबाला टेकली. आता उजेड पडणार, मग वेणी कोणाची ते शोधणार, आणि उद्या धरणापासून कसाऱ्यापर्यंत हाच विषय होणार.

गाणं बंद झालं. "मंडली, साप नाय," भोंगा शांतपणे म्हणाला. "माझी वायर हाय ती. हात नका लावू कोनी, करंट हाय."

काठ्या जागच्या जागी थांबल्या. कुंडलिक लांब वायरीचा माईक हातात घेऊन टेबलामागून आला, हाताला रुमाल गुंडाळला आणि गंभीर चेहऱ्यानं ती 'वायर' उचलून गुंडाळायला लागला. तेवढ्यात नात्यातली ठकूआत्या पुढे सरकली. या बाईच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. "वायरीला रिबीन रं कसली?"

रत्नानं डोळे मिटले.

"ती खून हाय आत्या, करंटवाली वायर वलखायला," कुंडलिक म्हणाला. "ते सोडा, इकडं बघा. एका पोरीनं मला बगून सांगलं, ह्याचं दात आसं, हा माईक चावून खाईल. पोरीचा शबुद खोटा पडू द्यायचा नाय. आज खातोच."

आणि त्यानं खरंच माईकवर दात रोवले. भोंग्यातून असा करकराट झाला की शेजारच्या गोठ्यातले बैल उभे राहिले. मांडव हसून लोटपोट झाला, ठकूआत्यासुद्धा. त्या गडबडीत वायर कुठल्या पेटीत गेली हे कोणी पाहिलं नाही.

रत्ना मात्र हसली नाही. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. सगळं ऐकून तो पोहे संपवत बसला होता, आणि आज तिची लाज झाकायला त्यानं स्वतःची चव्हाट्यावर मांडली होती, तिच्याकडे एकदाही न बघता. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली, आणि त्याच लाजेत कुठेतरी तो माणूस फार आवडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वायरी गुंडाळत होता तिथे ती गेली. त्यानं मुकाट्यानं एक पिशवी पुढे केली.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलू हुतू की. घाटापर्यंत. मंग टेम्पोच्या आरशात बगितलं, तर तुमचं खरंच हुतं."

"परत याल आमच्याकडे? बघायला?"

या वेळी तो खरोखरच गंभीर झाला. "नाय. एकदा नकार आला की त्या दारात परत जायचं नाय, आमच्यात रीत हाय."

रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं नाक वर केलं, ते शेवटी चांगल्या कामी आलं. "मंग आमी येतो," ती म्हणाली. "तुमाला बगायला."

आणि गेली की. पुढच्या रविवारी आईला घेऊन सरळगावला गेली. चहाचा ट्रे कुंडलिकनंच बाहेर आणला, आणि अर्धा चहा बशीत सांडला होता. रत्नानं तो बशीतूनच प्यायला.

लग्नात तिच्या वीतभर वेणीवर अबोलीचा गजरा होता, बाकी काही नव्हतं. ठकूआत्या कानाशी लागली, "काय गो, इतकी स्थलां मोडलीस, नि ह्याचं दात नाय बगितलंस?"

रत्नानं समोर पाहिलं. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून मांडवाच्या कडेला बसलेल्या कोणाला तरी हातानं पुढे बोलवत होता.

"बगितलं ना आत्या," ती म्हणाली. "हसला की दिसतात. म्हनून तर सारखं हसवनार हाय मी त्याला."