काढणं आणि बसवणं

...आणि ती वाकडी नळी आजही लोंबकळतच होती. बोटाच्या पेराएवढी, टोकाशी वळलेली, ब्रेकच्या तारेत ओवलेली. सायकलचं मागचं चाक जागेवर बसलं होतं, साखळी सर्वांत लहान चक्रीवर चढली होती, खटका आवळला होता – फक्त ही नळी ब्रेकच्या दांड्याच्या खाचेत अडकवायची राहिली होती. म्हणजे मागचा ब्रेक नाही. पुढे उतार, उताराच्या तळाशी वळण, वळणापलीकडे तळ्याचं पाणी, आणि मागचा ब्रेक नाही! गेल्या रविवारीही नव्हता. त्याच्या आदल्या रविवारीही नव्हता. आणि दर वेळी डॉक्टर हात झटकत म्हणाले होते, "अगदी फिट. बस बिनधास्त."

बिनधास्त म्हणे. पहिल्या वेळीच तिच्या ते लक्षात आलं होतं. ते पाणी प्यायला गाडीच्या पुढच्या दाराकडे वळले तशी ती खाली वाकली, ब्रेकचे दोन्ही दांडे एका हाताने दाबून धरले, दुसऱ्या हाताने नळी खाचेत सरकवली – टक – आणि बसली सायकलवर. नवऱ्याची चूक नवऱ्याच्या पदरात घालायची म्हणजे अख्खा रविवार फुकट. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ तरी किती रविवार झाकायची? जीव माझा जाणार आहे, त्यांचा नाही.

डॉक्टर म्हणजे तिचा नवराच. दातांचा डॉक्टर. दवाखान्यात त्यांच्या शेजारी उभं राहून एकेक हत्यार त्यांच्या हातात देता देता तीही त्यांना डॉक्टर म्हणायला लागली होती, आणि ती सवय घरात आली ती कायमची. सकाळी फाटकाशी त्यांनी सायकल उलटी केली तेव्हाही ते डॉक्टरच होते. सायकल गाडीत घालून तळ्यापर्यंत न्यायची, पण गाडी लहान, पुढचं चाक काढलं तर मागचं दार लागेना, म्हणून मागचंच काढायचं. दवाखान्यातले उरलेले पातळ हातमोजे चढवून ते सायकलला म्हणाले, "हं, आ करा बघू. दुखणार नाही." दांडे दाबले, नळी सुटली, खटका उघडला, एक हिसडा – आणि चाक हातात. दात काढायचे अगदी तसं. तिला हसू आलं होतं, ती मदतीला पुढे झाली होती, तर म्हणाले, "तू नको. हात काळे होतील."

माझे हात! सत्तावीस वर्षं लोकांची थुंकी नि रक्त पुसलेले, दातांचं सिमेंट कालवलेले हात आता ग्रीसने बाटणार होते!

तरी दवाखाना बंद करताना या हातांना कुणी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी आरशासमोर तोंड पुसत ते म्हणाले, बस झालं, लोकांच्या तोंडात किती दिवस बघायचं... आणि त्याच आठवड्यात खुर्ची विकली. तिला कळलं कधी, तर टेम्पो दाराशी लागल्यावर. दोन हमाल ती खुर्ची आडवी करून नेत होते आणि ती ट्रे हातात धरून बाजूला सरकली होती – चालत्या घरातून आपणच बाहेर चाललोय, असं काहीतरी वाटत. नणंदेने फोनवर वर मीठ चोळलं, "वहिनी, दादाचे हात सोन्याचे हो, पण सोन्यालाही विश्रांती हवीच ना! आता मोकळं सोडा त्याला." जसं काही मीच बांधून ठेवलं होतं. मग महिनाभरात ही सायकल आली. "तुझं सायकल चालवायचं राहून गेलं होतं ना." राहून गेलेलं मी कधी मागितलं होतं? आणि खरा संताप याचा, की सायकल तिला आवडली. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर तिला पहिल्यांदाच वाटलं होतं, की आपल्या पाठीशी कुणी काही मागायला उभं नाही.

पण आज नाही. आज हाक मारायची, बोट दाखवायचं – बघा तुमचं फिट! आपली बायको उताराला लागताना ब्रेक बघावा एवढं ज्याच्या डोक्यात राहत नाही, त्याने...

ती वाकली. बोट नेमकं खाचेवर ठेवायला म्हणून वाकली, आणि तिथेच थांबली.

काळ्या दांड्यावर, खाचेच्या भोवती, ओरखडे होते. एक-दोन नव्हेत. काही जुने, मळलेले. काही आत्ताचे, चकचकीत. नळीचं टोक खाचेच्या वर, खाली, बाजूला घसरून घसरून गेलं होतं. असे ओरखडे तिच्या ओळखीचे होते... हत्यार घसरलं की उठतात.

म्हणजे विसरले नव्हते. विसरलेल्या माणसाच्या हातून ओरखडे उठत नाहीत.

"दात काढायला जोर लागतो गं, कॅप बसवायला हात लागतो." हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी. आणि शेवटच्या वर्षी कॅपचे सगळे पेशंट ते समोरच्या नव्या डॉक्टरकडे पाठवत होते – "पोराचं बस्तान बसू दे" – आणि तिने भांडण काढलं होतं, की आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवता म्हणून. शेवटी शेवटी ते फक्त दात काढत होते. फक्त काढत होते. आणि एक दिवस म्हणाले होते, हत्यार हातात देऊ नकोस, ट्रेमध्ये ठेव, मी घेतो... केवढं लागलं होतं ते तिला. इतक्या वर्षांत कधी हात चुकला नव्हता माझा, आणि मला म्हणतात, ट्रेमध्ये ठेव!

एका हाताच्या अंतरावर उभी होते मी, आणि त्यांचा हात कापतोय हे मला दिसलं नाही.

तिने मान वर केली. डॉक्टर गाडीपलीकडे, पाठमोरे, बाटली तोंडाला लावून. गेल्या रविवारी याच वेळी तहान. त्याच्या आदल्या रविवारीही, चाक बसवून होताच, तहान. ती समजत होती, की मूठ आपण झाकतोय... आणि हा माणूस पाठ करून त्या टकची वाट बघत उभा राहत होता!

नणंदेला सांगितलं नाही, ठीक. त्या समोरच्या पोराला सांगितलं नाही, ठीक. पण मला? ब्रेक माझ्या हाती सोपवता येतो, जीव माझ्या हाती सोपवता येतो, आणि चार शब्द सोपवता येत नाहीत? हा कसला विश्वास, की ज्यात मला काही कळूच द्यायचं नाही? माझी कीव टाळत होतात, की स्वतःची ऐट जपत होतात?

तिने डाव्या हाताने दांडे दाबले. नळी खाचेच्या तोंडाशी आणली. आता फक्त सरकवायची. टक होईल, ते वळतील, बस बिनधास्त म्हणतील, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांना तहान लागेल.

तिने सरकवली नाही.

पलीकडे घोट थांबले. बाटली रिकामी झालेली तिला इथूनही दिसत होती. ते ती तशीच तोंडाशी धरून उभे होते.

"झालं का गं?" त्यांनी विचारलं. न वळता. याआधी कधी विचारावं लागलं नव्हतं.

खाचेच्या तोंडाशी धरलेल्या आपल्या बोटांकडे ती बघत राहिली. ती बोटं जराही हलत नव्हती... आणि सकाळपासूनच्या सगळ्या रागांत तिला सर्वांत जास्त राग आला तो आपल्या या स्थिर बोटांचाच.